कारण वेगळं, अर्थ वेगळा

परदेशातल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाला की बातमी दहा मिनिटांत सांगली-मिरजेच्या ग्रुपवर येते आणि तिच्यामागून दोन वाक्यं येतात. 'देव आहे कुठे?' आणि 'त्याचीच इच्छा.' लिहिणाऱ्यांचं काळीज खरंच हललेलं असतं. पण 'असं का झालं?' या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात. एकाला कारण हवं असतं, दुसऱ्याला अर्थ. त्यांची गल्लत झाली की लेकरू गमावलेल्या घराचे हाल होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कारण. १४ डिसेंबर २०१२ ला अमेरिकेत न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत सहा-सात वर्षांची २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. शाळेचं मुख्य दार बंद होतं, हल्लेखोर शेजारची काच फोडून आत शिरला. वर्गांची दारं किल्लीने बंद व्हायची, पण फक्त व्हरांड्याच्या बाजूने. म्हणजे दाराला कुलूप लावायचं तर ज्या व्हरांड्यात गोळ्या चालल्यात, तिथेच शिक्षिकेने बाहेर यायचं. पुढे सरकारी समितीने वर्गाचं दार आतून बंद करता आलं पाहिजे अशी शिफारस केली. या प्रश्नाचं उत्तर कुलपात होतं, बंदुकीच्या कपाटात होतं. तिथे 'इच्छा' हा शब्द आणला की कुलूप बदलायचं राहून जातं.

आपल्याकडचा दाखला मांढरदेवचा. २५ जानेवारी २००५, वाई तालुक्यातली काळूबाईची यात्रा. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट चिंचोळी, दोन्ही अंगांना दुकानं, वरून लोंढा. माणसं घसरली, चेंगरली, दुकानांना आगी लागल्या, सिलिंडर फुटले. २९० च्या वर जीव गेले. याला देवीचा कोप म्हटलं, तर पुढच्या यात्रेला पायऱ्या कोण धुणार आणि वाट कोण रुंद करणार? देवीवर श्रद्धा असणाऱ्यानेच हे आधी विचारायला हवं.

आता अर्थ. तो चौकशी अहवालात सापडत नाही, आणि सांत्वनाला आलेल्या पाहुण्याकडेही नसतो. २ ऑक्टोबर २००६ ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात निकेल माइन्स या अमिश (साधेपणाने जगणारा एक ख्रिस्ती पंथ) वस्तीतल्या एकखोली शाळेत एका माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच जणी गेल्या. तो परका नव्हता. त्याच भागातल्या गोठ्यांमधून दूध गोळा करणारा टँकरवाला होता. आपल्या गावात रोज डेअरीची गाडी घेऊन येणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याची पहिली मुलगी १९९७ मध्ये जन्मल्यावर वीसेक मिनिटांत गेली होती, आणि देवावरचा तो राग त्याने चिठ्ठीत लिहून ठेवला होता. शेवटी त्याने स्वतःलाही संपवलं.

त्या दिवशी संध्याकाळीच अमिश माणसं त्याच्या बायकोच्या आणि आईवडिलांच्या घरी गेली. त्याच्या दफनविधीला जमलेल्यांत निम्म्याच्या आसपास तीच होती. दहा दिवसांनी ती शाळा पाडून जागेवर गवत होऊ दिलं, आणि बरोबर सहा महिन्यांनी, २ एप्रिल २००७ ला, जवळच दुसरी शाळा उघडली. देवाने हे का केलं याची फोड करत ती बसली नाहीत. समुपदेशकांनाही त्यांनी दार बंद केलं नाही. क्षमेची ही गोष्ट इथे फार फॉरवर्ड होते, म्हणून एक सांगायलाच हवं. तिथे गुन्हेगार मेलेला होता, आणि क्षमेची शिकवण त्या समाजात पिढ्यान् पिढ्या मुरलेली होती. ती गोष्ट सांगून दुसऱ्या आईला 'तुम्हीही माफ करा' म्हणणं हा क्रूरपणा आहे. तिला रागवायचा हक्क आहे, कोर्टात उभं राहायचाही आहे.

आपल्याकडेही जाणत्यांनी यासाठी बोलण्यापेक्षा करायचंच जास्त ठेवलंय. चूल पेटत नाही त्या दिवशी शेजारून पिठलं-भाकरी येते, कोणीतरी कडू घास भरवतं. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, साताऱ्यात माहुलीच्या संगमावर, सांगलीकडे कृष्णाकाठी. मग दहावा, तेरावा. प्रत्येक टप्प्यावर माणसं येतात, आणि यातल्या कशालाही 'का'चं उत्तर ठाऊक असावं लागत नाही. म्हणून भेटायला जाल तेव्हा 'प्रारब्ध', 'मागच्या जन्मीचं' हे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवा. शेजारी बसा. पोराचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. आणि तेराव्यानंतर जा, कारण तेव्हा घर खरं रिकामं होतं.

शाळेने मात्र फार जपावं. मिरजेतला एक वर्ग घ्या. एका बाकावरच्या मुलाच्या घरी तेरावा असतो, मागच्याच्या घरी जियारत आणि चाळिसावा, तिसरं घर जैन, चौथं लिंगायत, पाचवं ख्रिस्ती. मेल्यावर काय होतं याचं प्रत्येक घरचं उत्तर निराळं. तेव्हा मैदानावर माईकवरून प्रवचन नको. बातमी वर्गशिक्षकाने वर्गातच, दोन-तीन सरळ वाक्यांत सांगावी. दोन मिनिटं शांतता. ज्याला आपली प्रार्थना करायची त्याने मनात करावी. व्हिडिओ कोणत्याही ग्रुपवर फिरू देऊ नये, आणि कॅमेरेवाल्यांपुढे मूल उभं करू नये.

शब्द नेमके हवेत. चार-पाच वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हे उमगत नाही. 'देवाघरी गेला' म्हटलं की ते 'परत कधी येणार?' विचारतं. 'झोपला' म्हटलं की रात्री डोळे मिटायला घाबरतं. 'देवाला चांगली मुलं आवडतात' हे तर कधीच बोलू नये, चांगलं वागायचीच धास्ती बसते. 'त्याचं शरीर बंद पडलं, तो आता परत येणार नाही' असं सांगावं, आणि मग घरची श्रद्धा जे सांगते ते सांगावं. सात-आठ वर्षांचं मूल स्वतःला दोष देतं, काल भांडलो म्हणून झालं का? त्याला 'तुझ्यामुळे झालं नाही' हे पुन्हा पुन्हा ऐकवावं लागतं. नववी-दहावीतलं पोर आरतीला उभं राहायचं नाही म्हणेल. राहू द्या. देवावर रुसणं आपल्या भक्तीला नवीन नाही.

महिना उलटला तरी झोप लागत नसेल, अंथरूण पुन्हा ओलं होत असेल, दप्तर उचललं की पोटात दुखत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो. अंगारा लावायचा तर लावा, डॉक्टरची तारीख चुकवू नका.

गेलेल्या मुलाची जागा रातोरात रिकामी करू नका. काही दिवसांनी मुलांनाच विचारा, तिथे कोण बसेल. आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत त्या नंबरावर काय करायचं हे वर्गशिक्षकाने आदल्या रात्रीच ठरवून ठेवावं. नाव गाळून घाईने पुढे गेलेलं सगळ्या वर्गाला कळतं. नाव घ्यावं. थांबावं. मग पुढचा नंबर.