दोन वेळ ताट काढून घ्या म्हणे!

‘एका अनुभवी मुख्याध्यापकांचे मनोगत, प्रत्येक पालकाने वाचावे’ अशा मथळ्याचा मेसेज मंगळवारी रात्री आमच्या दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर येऊन पडला. मुख्याध्यापकांचं नाव नाही, शाळा नाही, गाव नाही. तरी बुधवारी सकाळपर्यंत अकरा जणांचे हात जोडून झाले होते. एरवी असले मेसेज मी अंगठ्याने वर सरकवते. हा सरकवता आला नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने तो आईच्या फोनवर वाचला आणि क्लास सुटल्यावर मला विचारलं, "मॅडम, म्हणजे मी नाटक करत होते का?"

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ईटिंग डिसऑर्डर (म्हणजे खाण्या-न खाण्याशी जडलेला मनाचा आजार) हे परदेशी श्रीमंतांचं फॅड आहे. आपल्या आज्या आयुष्यभर उपवास करत आल्या, त्यांना तो कधी झाला नाही. मुलं मोबाईलवर बघतात आणि नाटक करतात. शिक्षक, मावशी, आत्या अशा कुणाजवळ रडगाणं घेऊन गेली, तर त्या माणसाने ‘ऐकून घेऊ नये, लक्ष दिलं की नाटक वाढतं’. उपाय : दोन वेळ ताट काढून घ्या, भूक लागली की झक मारून जेवतील. तरीही न जेवल्यास धरून बसवून तूप-शिरा भरवा. दवाखान्यात नेऊ नका, मुलीवर शिक्का बसतो. किमान दहा पालकांना पाठवा.

मी सांगलीत विश्रामबागेत गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते. डॉक्टर नाही. पण गेलं वर्षभर या विषयाशी जवळून गाठ पडली आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या नावावर खपणाऱ्या या शहाणपणाला उत्तर द्यायचा तेवढा हक्क मला आहे असं मी धरून चालते. मुलीची ओळख पटू नये म्हणून दोन-चार खुणा बदलल्या आहेत. तिने आणि तिच्या आईने वाचून ‘हो’ म्हटल्यावरच हे बाहेर काढतेय.

‘परदेशी फॅड’ आधी उरकून टाकते. लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्याने अशा रुग्णांचं वर्णन १६८९ साली लिहून ठेवलं आहे. ॲनोरेक्सिया नर्व्होसा (वजन वाढायच्या भीतीने उपाशी राहण्याचा आजार) हे नाव विल्यम गल या लंडनच्याच डॉक्टरांनी १८७३ साली दिलं. तेव्हा रील्स इंग्लंडातही नव्हत्या. आणि भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांनीही आपल्याकडच्या रुग्णांची नोंद विसाव्या शतकातच केलेली आहे. एवढं पुरे.

आज्यांच्या उपवासाचा मुद्दा मात्र मला झोंबला, कारण त्याच उपवासाने मला महिनोन्‌महिने फसवलं. शनिवारी चाचणी झाली की माझ्याकडे मुलांना भडंग असतो, सांगलीत दुसरं काय असणार! ही मुलगी म्हणायची, "मॅडम, माझा शनिवार आहे." सोमवार होताच, गुरुवार होता, संकष्टी-एकादशी होत्या, त्यात शनिवारची भर पडलेली. आई कौतुकाने सांगायची, "भारी भाविक आहे हो पोरगी." मीही मान डोलवायची. आजीच्या उपवासात आणि तिच्या उपवासात काय फरक होता हे आता विचाराल तर सांगेन : आजी उपवास सोडते. चंद्रोदय कधी आहे ते दोनदा विचारते, मोदक करते, सोडताना पोटभर जेवते आणि जेवताना तिच्या जिवाला सुख असतं. ही मुलगी उपवास सोडायची वेळ आली की घामाघूम व्हायची. एखाद्या दिवशी धीर सुटून भराभरा खायची आणि मग मोरीचं दार लावून नळ सोडायची. आपल्या घरात न जेवण्याला इतकी प्रतिष्ठा आहे की हा आजार देवघरात जाऊन बसला तरी कुणी त्याला उठवत नाही. आज्यांमध्येही कुणाला झाला असेल तर कळणार कसं? कुणी विचारलं होतं?

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी मी लिहायला बसले. ‘ऐकून घेऊ नये.’

मुलं असलं काही सांगायला येतात म्हणजे ढोल वाजवत येत नाहीत, हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला ‘नाटक’ हा शब्द सुचणार नाही. ती सगळ्यात मागे थांबली. खुर्च्या लावल्या, लावलेल्या पुन्हा लावल्या. बाहेर चप्पल शोधायच्या निमित्ताने खाली वाकली आणि तशीच, वर न बघता म्हणाली, "मॅडम, मला खाल्लेलं पोटात राहू देववत नाही." एवढं एक वाक्य. मी काय म्हणाले असेन? "अगं, पण तू कुठे बारीक आहेस?"

हे मी म्हणाले. विज्ञान शिकवणारी बाई. ती "हो, बरोबर" म्हणाली, चप्पल घातली आणि गेली. पुढचे तीन आठवडे माझ्याशी वहीपुरतं बोलत होती. म्हणजे मेसेजातला सल्ला मी तो मेसेज यायच्या आधीच अंमलात आणलेला होता. ऐकून घेतलं नाही. नाटक असतं तर बंद व्हायला हवं होतं ना? बंद झालं ते फक्त सांगणं. मोरीतला नळ चालूच होता.

तीन आठवड्यांनी मीच तिला थांबवून घेतलं. "त्या दिवशी मी चुकीचं बोलले, परत सांगशील का?" एवढंच विचारलं. तिने "कुणाला सांगणार नाही ना?" असं विचारलं, तेव्हा मी ते वचन दिलं नाही. या आजारात एकट्या मॅडमच्या पोटात गुपित ठेवणं म्हणजे मुलीला एकटीला सोडणंच असतं. पण तुझ्या मागे, तुला न विचारता कुणाकडे जाणार नाही, हे वचन दिलं आणि पाळलं. काय सांगायचं, कुणी सांगायचं, आईला आधी की बाबांना, हे तिने ठरवलं. आईला सांगताना ती माझ्या शेजारी बसून होती, आणि वजन, कपडे, ‘खातेस किती’ यातलं काहीही त्या दिवशी कुणी काढायचं नाही हे मी आईला आधीच बजावलं होतं. आई रडल्या, मग चिडल्या, मग मलाच म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं, मला का नाही?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. उत्तर साधं आहे : आईला दुखवायची भीती वाटते, आईच्या मैत्रिणीला, आत्याला, मॅडमला दुखवायची तेवढी वाटत नाही. म्हणून मुलं आधी उंबऱ्याबाहेरच्या माणसाकडे येतात. तेच दार बंद करा असं हे महाशय सांगतात!

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, ईसीजी काढला. पोटॅशियम कमी निघालं. वारंवार उलट्यांनी ते कमी होतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ही ‘कुठे बारीक आहेस’ म्हणण्यासारखी मुलगी, बरं का. बुलिमियात, म्हणजे भराभरा खाऊन मग ओकून टाकण्याच्या या आजारात, वजन चारचौघांसारखंच असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि नाटकाबद्दल म्हणाल तर २०११ साली ३६ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. त्यात ॲनोरेक्सियाच्या रुग्णांत झालेल्या दर पाच मृत्यूंपैकी एक आत्महत्येचा होता.

‘दोन वेळ ताट काढून घ्या.’ याला मी एकच उत्तर देते, ते सगळ्यांना पुरावं. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला. युद्धात लढायला सद्‌सद्विवेकाने नकार दिलेले हे स्वयंसेवक, शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडून घेतलेले. युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे शोधायचं होतं. २४ आठवडे त्यांना आधीच्या जवळपास निम्मा आहार दिला. झालं काय? ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, जमवू लागले. एकेक जेवण तासभर चिवडत बसू लागले. थंडी वाजू लागली, माणसं नकोशी झाली, उदास झाले, चिडके झाले. एकाने तर कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडून घेतली. पोटभर मिळू लागल्यावरही काहीजण कित्येक आठवडे थांबता न येता खात राहिले. यातला एकही जण रील्स बघत नव्हता, एकालाही बारीक व्हायचं नव्हतं. निव्वळ उपासमारीने धडधाकट डोक्याची ही अवस्था झाली. आणि जे पोर आधीच उपाशी आहे, त्याचं ताट काढून घ्या म्हणे, भूक त्याला सरळ करेल! भुकेनेच तर ते वाकडं झालंय. शिवाय ताट काढून घेतलं तर अशा मुलीला सुटल्यासारखं वाटतं. तिला हवं तेच तुम्ही शिस्त म्हणून हातात ठेवता.

बरं, लगेच पुढच्याच ओळीत ‘धरून बसवून तूप-शिरा भरवा’. आधी उपाशी ठेवा, मग कोंबा. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरतं आणि जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या महायुद्धात सुटून आलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलेलं आहे. मात्र या ओळीत एक कण खरा आहे, तो नाइलाजाने देऊन टाकते. मुलांना घरच्यांनीच, घरच्या ताटावर जेवतं करायचं, ही उपचाराची मान्य पद्धत आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात ती १९८०च्या दशकात उभी राहिली. फक्त तिथे आई-बापांच्या मागे डॉक्टर असतात आणि जेवताना कुणी कुणाला धरून बसवत नाही.

मोबाईल. इथेही अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करताना मला जड जातंय, कारण मेसेज पाठवणारे गृहस्थ लगेच ‘बघा’ म्हणतील. फिजीच्या नाड्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. ॲन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींना विचारलं. वजन उतरवण्यासाठी ओकारी काढणाऱ्या मुली आधी शून्य होत्या, तीन वर्षांनी ११.३ टक्के. तेव्हा पडदा निर्दोष नाही. पण सगळं पाप पडद्याच्या माथी मारण्याआधी घरातलं ऐका : "हिला आता घागरा कसा बसायचा?" "एक पोळी कमी खा." हे फोन बोलत नाही, आपण बोलतो. सांगायला आलेलं दुसरं वाक्य तिने मला त्याच फोनवर लिहून पाठवलं होतं, रात्री पावणेबाराला. हिसकावून घेतला असता तर कशावर लिहिलं असतं?

‘मुलीवर शिक्का.’ म्हणजे मुलग्यांना होत नाही असं गृहीत. आपल्या जिल्ह्यात तालमींना तोटा नाही. कुस्तीच्या गटासाठी वजन उतरवणारी पोरं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. बहुतेक मैदान झालं की खाऊन-पिऊन ठणठणीत होतात. एखाद्याचं वजन उतरवणं मैदान संपल्यावरही थांबत नाही. तो वस्तादाला सांगेल? वस्तादांनीही हा मेसेज वाचलेला असला तर?

ज्यांना कुणाला विचारायचंय आणि दवाखान्याची पायरी लांब वाटते, त्यांनी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

‘मी नाटक करत होते का?’ या तिच्या प्रश्नाला मी त्या दिवशी "नाही" एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "मग ग्रुपवर कुणी काहीच का म्हणालं नाही?"

ज्या वडिलांनी मेसेज टाकला होता त्यांना मी फोन केला. माणूस वाईट नाही, त्यांना साताऱ्याच्या साडूंनी पाठवला होता. काढून टाकतो म्हणाले. मग त्यांचाच फोन आला, आता तो फक्त त्यांच्या फोनवरून जातोय, सगळ्यांच्या फोनवरून पुसायची मुदत टळली. म्हणून यातलं त्या मुलीबद्दलचं सगळं काढून उरलेलं आज रात्री त्याच ग्रुपवर, त्याच मेसेजला उत्तर म्हणून टाकतेय. दहा जणांना पाठवा असं मी लिहिलेलं नाही. साडूंना तेवढं पाठवा.