अभद्र युती म्हणण्याआधी मोल्दोवाचं २०१९ बघा

दोन विरोधी विचारांचे पक्ष एकत्र आले की आपण "अभद्र युती" म्हणून मोकळे होतो. मला हा सरसकट शिक्का मान्य नाही, आणि त्याचं कारण मोल्दोवा.

रोमानिया आणि युक्रेनच्या मधला हा छोटा देश १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात होता. संसद १०१ जणांची. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्रिशंकू निकाल लागला. रशियाकडे कल असलेले समाजवादी ३५, डेमोक्रॅटिक पक्ष ३०, युरोपवादी 'आकुम' आघाडी २६. डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्ष व्लाद प्लाहोत्नियुक, गडगंज उद्योगपती, टीव्ही वाहिन्यांचा मालक. २०१४ मध्ये त्याच्या पक्षाचे १९ खासदार निवडून आले होते, ते फोडाफोडी करून चाळीसच्या वर नेले. डिसेंबर २०१५ मध्ये कम्युनिस्टांचे १४ जण एका झटक्यात फुटले आणि पुढे त्याच्याच वळचणीला गेले. अभद्र म्हणायचंच असेल तर याला म्हणा.

८ जून २०१९ ला समाजवादी आणि आकुम एकत्र आले, आकुमच्या माया सांदू पंतप्रधान झाल्या. आता न्यायालयाचा हिशेब बघा. सरकार बनवायला तीन महिने, निकालावर शिक्कामोर्तब ९ मार्चला. कुणीही ९ जूनच म्हणेल ना? घटनात्मक न्यायालयाने तीन महिने म्हणजे ९० दिवस धरले आणि मुदत ७ जूनलाच संपवली! सरकार बेकायदा ठरलं, समाजवाद्यांच्या बाजूचे राष्ट्राध्यक्ष इगोर दोदोन निलंबित, डेमोक्रॅटिक पक्षाचे मावळते पंतप्रधान हंगामी राष्ट्राध्यक्ष, आणि त्यांच्या सहीने संसद बरखास्त. मंत्रालयांसमोर डेमोक्रॅटिक कार्यकर्त्यांनी तंबू ठोकले. पण रशिया, युरोपीय संघ आणि अमेरिका, तिघंही सांदूंच्या बाजूने उभे राहिले. १४ जूनला डेमोक्रॅट्सनी माघार घेतली, प्लाहोत्नियुक देश सोडून पळाला. ही युती झाली नसती तर तो हललाच नसता, असं माझं ठाम मत आहे.

दगा झाला तो नोव्हेंबरात. सांदूंना प्रमुख सरकारी वकिलाच्या निवडीची पद्धत बदलायची होती, कारण २०१४ मध्ये बँकांमधून लुटलेल्या सुमारे एक अब्ज डॉलर्सचा तपास त्या खुर्चीवर अवलंबून होता. समाजवाद्यांनी अविश्वास ठराव आणला आणि ज्यांना जूनमध्ये हाकललं त्याच डेमोक्रॅट्सची मतं घेऊन सरकार पाडलं. ठरावाच्या बाजूने ६३ मतं.

वर्षभरात दोदोन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक सांदूंकडून हरले. २०२१ मध्ये सांदूंच्या पक्षाला एकट्याच्या बळावर ६३ जागा मिळाल्या. प्लाहोत्नियुकला ग्रीसमध्ये पकडून सप्टेंबर २०२५ मध्ये मोल्दोवात आणलं, त्याच बँकलुटीच्या खटल्यासाठी.