कुणाला मत दिलं यावर प्रभुभोजन ठरत नाही

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. आवाज रडवेला. "मी रविवारी प्रभुभोजन घेऊ का गं? इतकी वर्षं चुकीच्या पक्षाला मत देत आले म्हणे." (प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये घेतात ती भाकर आणि द्राक्षारस.) कोण म्हणालं, असं विचारल्यावर तिने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज मला पाठवला. 'खरा ख्रिस्ती कुणाला मत देतो?' तुमच्यापैकी अनेकांकडे तो फिरत आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ती माणसाने उजव्या पक्षालाच मत द्यावं, कारण शास्त्रात तसं लिहिलंय. सगळ्या चर्चची हीच शिकवण आहे. विश्वास आणि राजकारण वेगळं करता येत नाही. आणि जो दुसरीकडे मत देतो, तो प्रभूची भाकर 'अयोग्य प्रकारे' खातो.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण त्याने एका म्हाताऱ्या विश्वासू बाईची झोप उडवली. 'अयोग्य प्रकारे' हे शब्द बायबलमधल्या १ करिंथ ११:२७ मधले, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातले. पण तो अध्याय दहा ओळी आधीपासून वाचा. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजन जेवणासोबतच व्हायचं. ज्यांच्याकडे होतं ते आपलं आपलं आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. एक भुकेला, दुसरा पिऊन मस्त. पौल यावर संतापलाय. मंडळीत फुटी पडल्यात आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, ही त्याची तक्रार आहे. म्हणजे मंडळीत तट पाडू नका म्हणून लिहिलेलं वचन या मेसेजने तट पाडायला वापरलं! शिवाय २८ वं वचन सांगतं की माणसाने स्वतःची परीक्षा करावी. स्वतःची. शेजारच्या बाकावरच्या बाईची नाही. आणि तारण कशाने होतं, हे इफिस २:८ मध्ये स्पष्ट आहे: कृपेने, विश्वासाच्या द्वारे. मतदानाचा तिथे उल्लेखही नाही.

आता 'शास्त्रात उजवा पक्ष'. आधार काय, तर उपदेशक १०:२: सुज्ञाचं मन उजवीकडे, मूर्खाचं डावीकडे. राजकारणातले 'उजवे' आणि 'डावे' हे शब्द आले १७८९ च्या फ्रान्समधून. तिथल्या राष्ट्रीय सभेत राजाच्या नकाराधिकाराच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, विरोधातले डाव्या हाताला. त्या आसनव्यवस्थेचा अर्थ दोन हजारांहून अधिक वर्षं जुन्या ग्रंथात शोधायचा? शास्त्रात उजवा हात म्हणजे बळ आणि मान, एवढंच. इस्राएलाच्या सुटकेसाठी देवाने उभा केलेला एहूद तर डावखुरा होता (शास्ते ३:१५).

मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे हा मत्तय २५ चा दाखलाही त्यात जोडलाय. तो मात्र अर्ध्यावर तोडलाय, आणि हे मला अक्षम्य वाटतं. निवाडा कशावर होतो ते पुढच्याच वचनांत आहे: भुकेल्याला अन्न दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्याला भेटलात का.

'सगळ्या चर्चची शिकवण' म्हणणाऱ्यांनी एकच दस्तऐवज वाचावा. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ ला 'आधुनिक जगातील चर्च' यावर जे संविधान जाहीर केलं, त्याचं ४३ वं कलम. तितक्याच प्रामाणिक असलेल्या ख्रिस्ती माणसांची ऐहिक प्रश्नांवर वेगवेगळी मतं होऊ शकतात आणि त्यात गैर काही नाही, असं ते सांगतं. आणि अशा वेळी आपल्या मतासाठी चर्चचा अधिकार कुणीही वापरू नये, असं बजावतं. आम्ही प्रोटेस्टंट, पण इतकं स्वच्छ मला दुसरीकडे वाचायला मिळालं नाही. जर्मनीत १९४५ मध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांनी मिळून उजवीकडे झुकणारा ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष उभारला. त्याच्या आदल्याच वर्षी कॅनडात टॉमी डग्लस या बाप्टिस्ट पाळकाने सॅस्कॅचेवान प्रांतात समाजवादी सरकार बनवलं. यातला खोटा ख्रिस्ती कोण?

विश्वास आणि राजकारण वेगळं करता येत नाही, हे मात्र अर्धं खरं आहे. मान्य करते. विल्यम विल्बरफोर्सने वीस वर्षं ब्रिटिश संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झुंज दिली आणि १८०७ मध्ये बंदीचा कायदा झाला, ती विश्वासाच्याच जोरावर. पण तो अपक्ष खासदार होता. विश्वासाने माणूस राजकारणात उतरतो, त्याने पक्षाला देवाची मोहर लागत नाही. जर्मनीत १९३३ मध्ये 'जर्मन ख्रिस्ती' गटाने चर्चच्या निवडणुका जिंकून चर्च नाझींच्या दावणीला बांधायला घेतलं, तेव्हा पुढच्या वर्षी बार्मेन इथे जमलेल्या ख्रिस्ती लोकांनी जाहीर केलं की चर्चने ऐकायचं ते येशू ख्रिस्ताचं. हाच मेसेज डाव्या पक्षाच्या नावाने आला असता तरी मी हेच लिहिलं असतं.

प्रभूने निवडलेल्या बारा शिष्यांत रोमच्या अंकित सत्तेसाठी जकात गोळा करणारा मत्तय होता आणि 'जिलोत' म्हटलेला शिमोनही. जिलोत हे नाव रोमशी उभ्या वैराचं. दोघे एकाच मेजावर बसले.

मावशीला मी त्याच रात्री फोनवर करिंथचा तो अध्याय सतराव्या वचनापासून वाचून दाखवला. ती मध्येच म्हणाली, "थांब, चष्मा आणते," आणि स्वतःचं पुस्तक उघडून माझ्याबरोबर वाचू लागली. रविवारी तिला न्यायला मी जाणार आहे.