सर्कलिपसोबत सेल्फी

वाहन उद्योगाच्या प्रदर्शनात आम जनतेला घ्यावं की घेऊ नये, हा वाद आमच्या धंद्यात दर प्रदर्शनानंतर महिनाभर तरी पुरतो. ज्यांच्या स्टॉलवर गर्दी झाली ते म्हणतात, जनतेनं वात आणला. ज्यांच्याकडे कुत्रंही फिरकलं नाही ते म्हणतात, जनतेमुळेच खरं गिऱ्हाईक आलं नाही. जनतेला यातलं काहीच ठाऊक नसतं. ती पिशव्या भरून केव्हाच घरी गेलेली असते.

या वादात बोलायचा माझा अधिकार एवढाच, की मी भोसरी एमआयडीसीत सर्कलिप बनवतो आणि मोशीला प्रदर्शन भरलं की तीन बाय तीन मीटरच्या स्टॉलमध्ये उभा राहतो. सर्कलिप म्हणजे स्प्रिंग स्टीलची, तोंड उघडं असलेली कडी. खाचेत बसते आणि पिन किंवा बेअरिंग जागचं हलू देत नाही. तुमच्या दुचाकीच्या पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या दोन्ही टोकांना एकेक बसलेली असते. ती निसटली तर पिन सिलिंडर खरवडत सुटते आणि इंजिनाचं काम निघतं. इतकी मोलाची वस्तू, पण तिच्यासोबत कोणी सेल्फी काढल्याचं आजवर ऐकलेलं नाही.

तीन बाय तीनचा स्टॉल म्हणजे तीन बाजूंना पांढऱ्या पाट्या, एक टेबल, दोन खुर्च्या, डोक्यावर ऊन पाडणारे स्पॉटलाइट, एक प्लग पॉइंट आणि कचऱ्याची बादली. वरच्या पट्टीवर आपलं नाव आयोजक छापून देतात. या वेळी त्यांनी 'सर्कलिप्स' मधोमध तोडून 'सर्कल लिप्स' केलं. दुपारपर्यंत दोन मुली लिपस्टिकची चौकशी करून गेल्या. बदलून द्या म्हटलं तर माणूस म्हणाला, "सर, लोकांना समजतं." काय समजतं ते मी विचारलं नाही.

आयोजकांनी वेळेची विभागणी केली होती. सकाळचे तास 'बिझनेस व्हिजिटर'चे, दुपारनंतर सगळ्यांना दार मोकळं. ऐकायला छान वाटतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, सॅम्पलची ताटली पुसून, कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्याची वाट पाहत आम्ही उभे. आलं कोण? कॅलेंडर छापणारा. आयएसओ सर्टिफिकेट करून देणारा. वेबसाइट बनवणारा, मग त्याच्यापेक्षा स्वस्तात वेबसाइट बनवणारा. वजनकाटेवाला. टर्म इन्शुरन्सवाला, जो माझं वय अंदाजानं सांगून मोकळा झाला आणि अंदाज वरचा होता. हे सगळे रीतसर बिझनेस व्हिजिटर, गळ्यात बॅज, खिशात कार्डांचा गठ्ठा. सकाळभरात माझी एक सर्कलिप खपली नाही, पण मी जवळजवळ सगळ्या गोष्टींचा गिऱ्हाईक होऊन बसलो.

बॅजचीही गंमतच आहे. मोबाइलवर नोंदणी करताना कंपनीचं नाव आणि हुद्दा भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. पुणेकर माणूस फॉर्म अर्धवट सोडत नाही. त्यामुळे सकाळच्या वेळेतसुद्धा आख्खी कुटुंबं आत येत होती. आई प्रोप्रायटर, वडील डायरेक्टर, आजी कन्सल्टंट. एका बॅजवर चीफ एक्झिक्युटिव्ह लिहिलं होतं आणि ते साहेब कडेवर होते.

दुपारी दार मोकळं झालं आणि माझी ताटली रिकामी व्हायला लागली. हॉटेलात बिल देऊन उठताना बडीशेप उचलावी तसे लोक जाता जाता सर्कलिप उचलत. किल्ल्या अडकवायला बरी, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. तोंड उघडं असल्यानं किल्ल्या पडतील हे मी सांगितलं, तर एक गृहस्थ म्हणाले, "मग असल्या डिफेक्टिव्ह कशाला वाटता?"

प्रश्नांचं म्हणाल तर "थार कुठंय?" हा पहिला. "पिशवी आहे का?" हा दुसरा. आणि आमच्या शेजाऱ्यांकडे तिसराही होता, तो पुढे सांगतो. डिप्लोमाची पोरं घोळक्यानं येत, कारण त्यांना कॉलेजात भेटीचा अहवाल द्यायचा असतो. त्यातलं एक पोरगं माहितीपत्रकावर सही-शिक्का मागायचं, बाकीचे त्या पत्रकाचा फोटो काढायचे. शिक्का नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा उमटे ती मला ऑर्डर रद्द झाल्यावरसुद्धा जमलेली नाही.

तेव्हा जनतेला बंदी करा म्हणणाऱ्यांची बाजू मला कळते. हा प्रश्न जगभरच्या प्रदर्शनांना पडलेला आहे आणि कोणाला धड सुटलेला नाही. लास वेगासला दर नोव्हेंबरात गाड्यांच्या सुट्या भागांचं आणि ॲक्सेसरीजचं 'सेमा' प्रदर्शन भरतं. ते मुळात धंदेवाल्यांपुरतं, गाड्यांच्या या धंद्यात असल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. अलीकडे त्यांनीही शेवटच्या दिवशी हौशी लोकांना तिकीट विकायला सुरुवात केली आहे. दिल्लीचा ऑटो एक्स्पो १९८६ साली प्रगती मैदानावर सुरू झाला. २००८ च्या जानेवारीत रतन टाटांनी तिथं नॅनो आणली, तेव्हा ती बघायला उसळलेल्या झुंबडीत धंद्याचं बोलायला आलेल्यांचे काय हाल झाले असतील, ते मी स्टॉलवाल्याच्या नजरेनं बघू शकतो. पुढे २०१४ मध्ये त्यांनी गाड्या ग्रेटर नोएडाला नेल्या आणि सुट्या भागांचं प्रदर्शन प्रगती मैदानावरच ठेवलं. म्हणजे गाडी तिकडं आणि तिचे अवयव इकडं. सुट्या भागवाल्यांना शांतता मिळाली असणार. शांततेत किती सर्कलिपा खपतात ते मी सकाळी अनुभवलेलं आहे.

आणि जिनिव्हाचं बघा. १९०५ पासूनचा मोटार शो, २०२४ मध्ये त्यांनी कायमचा आवरता घेतला. तिथं लोक येईनासे झाले म्हणून नव्हे, गाड्यांच्या कंपन्यांनीच पाठ फिरवली. जनता बिचारी शेवटपर्यंत तिकीट काढायला तयार होती.

सगळ्यात आवडली ती पॅरिसची रीत. १८९८ सालच्या तिथल्या पहिल्या मोटार प्रदर्शनात प्रदर्शकांना अट होती, की गाडीनं आपल्या ताकदीवर पॅरिसहून व्हर्सायला जाऊन परत यायचं, तरच मांडायला जागा. आपल्याकडे ही परीक्षा प्रेक्षकाची घेतात. नाशिक फाट्यावर वळायचं, भोसरीच्या पुलाशी कंटेनरच्या मागं उभं राहायचं, पुन्हा उभं राहायचं, आणि मोशी आली की पार्किंगपासून प्रवेशद्वारापर्यंत धुळीतून चालायचं. हे सगळं स्वखर्चानं पार करून जो माणूस सर्कलिप बघायला येतो, त्याला दारातून परत पाठवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बरेचसे थार बघायला आलेले असतात हे खरं, पण त्यांनाही थार सापडत नाहीच. प्रदर्शन सुट्या भागांचं असतं.

चारच्या सुमाराला एक काका आले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, पायात सँडल, हातात एकही पिशवी नाही. पिशवी नसलेला माणूस दिसला की स्टॉलवाला सावध होतो. आम्ही दोन तऱ्हेच्या सर्कलिपा करतो, फॉस्फेटच्या लेपाच्या काळ्या आणि झिंक प्लेटिंगच्या पांढऱ्या. काकांनी पांढरी उचलली, चष्मा कपाळावर सारला आणि ती डोळ्याशी धरून फिरवली.

"प्लेटिंग बाहेरून?"

"हो काका, भोसरीतच."

"हार्डनेस?"

"४८ ते ५२ रॉकवेल."

"बेकिंग?"

"दोनशे डिग्रीला. रात्रभर."

"ते सगळेच सांगतात. टाकीतून काढल्यापासून किती वेळात भट्टीत जातं?"

मी खुर्ची पुढे केली. गोष्ट अशी, की ॲसिडात धुताना आणि प्लेटिंगच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो. तो वेळेत तापवून बाहेर काढला नाही तर सर्कलिप दिसायला चकचकीत, मापाला बरोबर, आणि बसवल्यावर एखाद्या रात्री कोणी हात न लावता तिचे दोन तुकडे. हा प्रश्न मला एरवी फक्त कंपन्यांचे ऑडिटर विचारतात.

"चार तासांच्या आत, काका."

"आणि गुरुवारी?"

इथपर्यंत ऑडिटरही पोचलेले नाहीत. आमच्या पट्ट्यात गुरुवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा आणि लाइट जाण्याचा वार. बुधवारी रात्री लावलेली भट्टी गुरुवारी सकाळी थंड पडली तर काय, असा तो प्रश्न होता.

"बुधवारी दुपारनंतर झिंकचा लॉट लावतच नाही."

"हं," काका म्हणाले, आणि बसले. टेल्कोत हीट ट्रीटमेंटला होते म्हणे. टेल्कोचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण काका मंडळींना हे कळवायला कोणी गेलेलं दिसत नाही. मग आणखी एक काका आले, ते बजाज टेम्पोचे. तीही कंपनी आता फोर्स मोटर्स आहे, पण त्यांच्यापुढं मी बोललो नाही. दोघांची ओळख नव्हती. पाच मिनिटांत दोघं माझ्या टेबलावर माझ्याच सर्कलिपच्या खाचेच्या मापावरून भांडायला लागले आणि भोवती गर्दी जमली. पुण्यात दोन म्हातारे तावातावानं बोलताना दिसले की माणूस थांबतोच, बाजू घ्यायला.

त्या गर्दीत मागून मान उंचावून बघणारा एक जण चाकणच्या कंपनीचा परचेसवाला निघाला. सकाळी दोनदा समोरून गेलो पण आत यावंसं वाटलं नाही, असं त्यानंच सांगितलं. ऑर्डर अजून आलेली नाही. ड्रॉइंग आलंय. आमच्या धंद्यात ड्रॉइंग येणं म्हणजे साखरपुडा नव्हे, पण पत्रिका मागवली आहे.

तर माझं म्हणणं असं, की बाकीच्या जगाचं माहीत नाही, पुण्यात आम जनता बाहेर ठेवणं शक्यच नाही, कारण ती मिळणार कुठून? आकुर्डी, पिंपरी, खडकी, चाकण. इथल्या दर सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी जे बसलेले असतात त्यांतला एक टूलरूमचा, एक फाउंड्रीचा, एक स्टोअर्सचा. त्यांच्या बायकांना मायक्रॉन आणि थाऊ या बारीक मापांतला फरक जेवताना ऐकून पाठ झालेला. कडेवरचे चीफ एक्झिक्युटिव्हसुद्धा कोणत्यातरी शॉप फ्लोअरचे नातू असणार. यांना बाहेर ठेवून आत कोणाला घेणार, कॅलेंडरवाल्याला?

प्रदर्शन संपल्यावर आयोजकांचा अभिप्रायाचा फॉर्म आला. 'सर्वसामान्यांना प्रवेश असावा का', समोर हो आणि नाहीचे चौकोन. मी 'हो'वर खूण केली आणि खाली लिहिलं, की प्रवेश द्या, पिशव्या देऊ नका, आणि नोंदणीत हुद्द्याच्या रकान्यात 'निवृत्त' ठेवा. त्या बॅजला वेगळा रंग द्या, म्हणजे आम्हाला खुर्ची कधी पुढे करायची ते कळेल.

आमच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र 'नाही'वाल्यांचा जोर होता आणि त्यांचे पुढारी माझे शेजारी, भट्टीवाले. त्यांचा माल मोठा, गरम हवेची औद्योगिक भट्टी, आम्ही बेकिंगला वापरतो तसलीच. ती दार उघडं ठेवून मांडल्यामुळे दिवसभर येणारी प्रत्येक बाई एकच गोष्ट विचारत होती, यात केक होईल का. हाच तो तिसरा प्रश्न. भट्टीवाले सुरुवातीला हसून, मग न हसता, मग हात जोडून नाही म्हणत राहिले. गटावर त्यांनी याच दाखल्यानिशी बंदीची मागणी केली होती आणि मोठाच मजकूर लिहिला होता.

परवा समजलं, की त्यांना सगळ्या प्रदर्शनातून खरी चौकशी एकच आली. चिंचवडच्या एका बाईंची नानकटाईची बेकरी आहे. त्यांनी दोनशे डिग्री सगळीकडे सारखी राहते का, हे विचारून घेतलं होतं, आणि फोन नंबर ठेवून गेल्या होत्या. भट्टीवाले सध्या गटावर गप्प असतात. काल मला फोन करून विचारत होते, खाण्याच्या कामाला चालणारे स्टेनलेसचे ट्रे कोणाकडे चांगले मिळतील.