आतड्याचा कर्करोग 'वंशात असला' तर तो होणारच का?

कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर वारंवार येणाऱ्या एका संदेशाचा आशय असा : मोठ्या आतड्याचा कर्करोग घराण्यात असला तर तो पुढच्या पिढीला होणारच, तो आईकडून मुलीला आणि वडिलांकडून मुलाला जातो, आणि त्यावर काही उपाय नसल्याने जनुकचाचणी म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला मनस्ताप.

'होणारच' हा शब्द आधी पाहू. आतड्याच्या शंभर कर्करोगांपैकी जेमतेम पाचएक रुग्णांमध्ये एखाद्या जनुकातील ठळक आनुवंशिक दोष कारणीभूत असतो, आणि त्यांतील सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे लिंच सिंड्रोम. पेशी विभागताना डीएनएची जी नक्कल होते, तिच्यातील चुका मुद्रितशोधकाप्रमाणे दुरुस्त करणाऱ्या एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ या जनुकांपैकी एकाची सदोष प्रत या व्यक्तींना जन्मतःच मिळालेली असते. मात्र दुसऱ्या पालकाकडून आलेली प्रत शाबूत असेपर्यंत पेशीचे काम चालते. म्हणूनच एमएलएच-१ मध्ये दोष असलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात हा कर्करोग होतो, तर पीएमएस-२ च्या बाबतीत हे प्रमाण बरेच कमी आहे. एपीसी जनुकातील दोषाने आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे अस्तरावरचे छोटे मांसल उंचवटे, उगवतात, तेथे मात्र संदेश खरा ठरण्याच्या जवळ येतो. पण तोही उपचार न केल्यास, आणि शस्त्रक्रियेने आतडे वेळीच काढणे हा उपचार अनेक दशके रूढ आहे.

आई-मुलगी, बाप-मुलगा ही वाटणी तर निव्वळ कल्पना आहे. ही जनुके लिंगगुणसूत्रांवर नाहीत. सदोष प्रत आईची असो वा वडिलांची, ती प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता ५० टक्के असते. या गैरसमजाचा खरा तोटा असा, की आत्याला किंवा आजीला झालेला गर्भाशयाचा कर्करोग 'बायकांचा आजार' म्हणून बाजूला पडतो. वस्तुतः लिंच सिंड्रोममध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही वारंवार आढळतो. अमेरिकेतील मिशिगनमध्ये १८९५ साली शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना, आपल्या घरातल्या इतरांप्रमाणे आपणही पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने लवकर जाऊ, असे सांगितले होते. ती गर्भाशयाच्या कर्करोगानेच वारली, आणि तिच्याच घराण्याच्या नोंदींवरून या विकाराचा अभ्यास सुरू झाला.

'उपाय नाही' हा भाग सर्वांत घातक आहे. फिनलंडमधील लिंच सिंड्रोम असलेल्या कुटुंबांचा पंधरा वर्षांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दर तीन वर्षांनी आतड्याची तपासणी करून घेणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी आढळले, आणि त्या गटात या कर्करोगाने एकही मृत्यू झाला नाही. तपासणी न केलेल्यांत नऊ झाले. कोलोनोस्कोपीत, म्हणजे नळीवाटे आतडे आतून पाहण्याच्या तपासणीत, दिसलेला पॉलिप तेथेच काढला जातो, म्हणजे गाठ होण्यापूर्वीच ती वाट बंद होते. या व्यक्तींत पॉलिपचे कर्करोगात रूपांतर झपाट्याने होत असल्याने हल्ली एक-दोन वर्षांनी तपासणी सुचवली जाते; एमएलएच-१ आणि एमएसएच-२ च्या दोषात ती विशी-पंचविशीतच सुरू होते. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ सर जॉन बर्न यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत लिंच सिंड्रोम असलेल्या ८६१ जणांपैकी ज्यांनी रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतले, त्यांच्यात पुढील वर्षांत हा कर्करोग कमी आढळला. (ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना न विचारता ते सुरू करू नये.)

राहिला मनस्ताप. कुटुंबातील नेमका दोष ठाऊक असताना ज्याच्यात तो आढळत नाही, त्याची जोखीम सर्वसामान्य माणसाइतकीच ठरते आणि वारंवारच्या कोलोनोस्कोपीतून त्याची सुटका होते. ही बाजू संदेशात कोठेच नाही. शोधाची सुरुवात मात्र निरोगी नातेवाइकापासून न करता शक्यतो रुग्णापासून करावी. पन्नाशीच्या आत झालेला आतड्याचा कर्करोग, किंवा एकाच बाजूच्या नातेवाइकांत आतड्याचे आणि गर्भाशयाचे कर्करोग, असे दिसल्यास गाठीच्या नमुन्यात वरील चार दुरुस्ती-जनुकांपासून बनणारी प्रथिने शाबूत आहेत का, याची तपासणी डॉक्टरांना विचारावी. रुग्ण हयात नसला तरी त्याच्या बायॉप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) जपून ठेवलेला असेल, तर त्यावरही ती पुष्कळदा करता येते.