उंदीर फक्त जागा देतो

हत्तीणीच्या अंडाशयाचा गोठवलेला तुकडा उंदरात बसवून त्यातली बीजं वाढवण्याच्या प्रयोगावरचा एक लेख मुलीला वाचून दाखवला, तर तिचा पहिला प्रश्न, "मग उंदराच्या पोटी हत्ती येणार?" नाही गं बाई. उंदीर फक्त जागा आणि रक्त पुरवतो, गर्भाशयाचा इथे संबंधच नाही.

लेखात एक गोष्ट निसटली. साध्या उंदराचं शरीर परका तुकडा टिकूच देणार नाही, म्हणून प्रतिकारशक्ती जवळपास नसलेले 'स्किड' किंवा बिनकेसांचे 'न्यूड' उंदीर घेतात. अंडाशयाच्या बाहेरच्या थराची पातळशी चकती बहुतेकदा मूत्रपिंडाच्या आवरणाखाली सरकवतात, कारण तिथे रक्तवाहिन्या भरपूर. तरी नव्या वाहिन्या तुकड्यात शिरेपर्यंतच्या पहिल्या काही दिवसांत बरीच बीजपुटकं (ज्यांत बीजांड वाढतं त्या इवल्या पिशव्या) प्राणवायूविना मरतात. मला वाटतं, गोठवण्यापेक्षा खरी मेख तिथेच आहे.

"निसर्गाशी खेळ" म्हणून हे झटकून टाकणं सोपं आहे. पण अंडाशयाच्या गोठवलेल्या ऊतीचं त्याच शरीरात पुनर्रोपण करून १९९४ साली मेंढीला कोकरू झालं, आणि २००४ मध्ये बेल्जियममध्ये कर्करोगातून उठलेल्या बाईला मूल. उंदरांच्या हालांबद्दल मात्र लेखात एखादी ओळ हवी होती.