पाच वर्षं कंत्राटी, पगार पहिल्या दिवसाचाच

चाकणकडच्या कारखान्यांतल्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पर्मनंटच्या मागे लागू नका. कंत्राटी असा नाहीतर कायम, हातात कला असली की पगार आपोआप वाढतो. आणि समान कामाला समान वेतन हा तर कायदाच आहे.’

‘आपोआप’पाशीच गाडी अडते. कायम कामगाराचाही पगार आपोआप वाढत नाही. युनियन तीन-चार वर्षांनी करार करते, तेव्हा वाढतो. कंत्राटी पोरगा सहसा त्या करारात नसतोच. त्याच्या हाती बहुतेक वेळा किमान वेतन, आणि त्यातला विशेष भत्ता महागाईप्रमाणे बदलतो १ जानेवारी आणि १ जुलैला. ही वाढ काल लागलेल्याला आणि पाच वर्षं घासलेल्याला सारखीच.

माझ्या भाच्याच्या पगारपावत्या पाहिल्यात मी. वेल्डिंगला आहे. चार वर्षांत तीन कंत्राटदार झाले. लाइन तीच, सुपरवायझर तोच, गेटपासवरचं नाव तेवढं बदललं, आणि दरवेळी रुजू झाल्याची तारीख नवी. नव्या पोरांना काम हाच शिकवतो, आणि दोघांचा मूळ पगार रुपयाला रुपया सारखा. आता कला कुठल्या रकान्यात लिहायची?

‘अनुभव घ्या आणि कंपनी बदला’ असंही सांगतात; ते मात्र अगदीच खोटं नाही. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनचं प्रोग्रामिंग येणाऱ्याला बाहेर भाव मिळतो. पण ज्याच्या दाखल्यावर कंपनीऐवजी कंत्राटदाराचं नाव आहे, त्याला पुढच्या गेटवर पुन्हा हेल्पर म्हणूनच उभं करतात.

राहिला कायदा. २०१६ साली पंजाबच्या हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समान वेतन मान्य केलं, हे खरं. पण काय दिलं? नियमित वेतनश्रेणीतला सर्वांत खालचा टप्पा. वार्षिक वेतनवाढी नाहीत. म्हणजे जिंकूनही माणूस पहिल्याच पायरीवर.

तात्पुरती नोकरी म्हणजे वाईटच, असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडचा प्राथमिक शिक्षणसेवक १६,००० रुपये मानधनावर तीन वर्षं काढतो. कमीच आहे ते. पण तीन वर्षं नीट पार पडली की वेतनश्रेणी लागते, हे त्याला पहिल्या दिवशी माहीत असतं.

भाच्याने हेच कंत्राटदाराला विचारलं होतं, ‘माझी किती वर्षं धरणार?’ त्याने नवा गेटपास पुढे केला आणि फोटोसाठी भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं.